उड्डाणतास आणि पात्रता : अमेरिकेतील विमानकंपन्यांच्या वैमानिक-भरतीच्या नियमांचा इतिहास (१९२६ ते २०२४)

प्रस्तावना

विसाव्या शतकात उदयास आलेल्या व्यवसायांमध्ये विमानकंपनीतील वैमानिकाच्या व्यवसायाचे एक वैशिष्ट्य चटकन नजरेत भरते. डॉक्टर, अभियंता वा प्राध्यापक यांची पात्रता प्रामुख्याने पदवीने ठरते. वैमानिकाची पात्रता मात्र तासांनी मोजली जाते. प्रत्येक वैमानिक आपल्या उड्डाणांची नोंद एका वहीत ठेवतो. लॉगबुक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वहीतील तासांची बेरीज ही त्याची व्यावसायिक पत समजली जाते. परवाना मिळविताना आणि नोकरीसाठी अर्ज करताना प्रथम विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : एकूण उड्डाणतास किती?

ही मोजपट्टी कशी रूढ झाली, तिने काय साधले आणि तिच्यातून काय निसटले, याचा आढावा प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या संदर्भात घेतला आहे. अमेरिकेची निवड करण्याचे कारण असे की, २००९ मधील एका अपघातानंतर त्या देशाने विमानकंपनीतील प्रत्येक वैमानिकासाठी साधारणतः १५०० तासांची अट कायद्याने घातली आणि त्या अटीवरील वाद आजही शमलेला नाही. नियमांच्या या इतिहासातून एक सूत्र हाती लागते. पात्रतेचा जो भाग मोजता येतो तो नियमांत लवकर उतरतो. ज्येष्ठांच्या सहवासात होणारी घडण मोजता येत नसल्यामुळे ती नियमांत उशिरा आणि अपुऱ्या स्वरूपात येते.

१. परवाना-पद्धतीचा उदय

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत विमान चालविण्यासाठी केंद्रीय परवान्याची गरज नव्हती. युद्धातील उरलेली विमाने स्वस्तात विकत घेऊन जत्रांमध्ये कसरती करणारे आणि पैसे घेऊन लोकांना आकाशाची सैर घडविणारे अनेक तरुण त्या काळात होते. १९१८ मध्ये सुरू झालेल्या हवाई टपालसेवेने वैमानिकांना नियमित काम दिले. परंतु धुके, बर्फ आणि रात्रीचा अंधार यांमुळे या सेवेत मृत्यूचे प्रमाण मोठे होते. १९२५ च्या केली कायद्याने टपालवाहतूक खासगी कंपन्यांकडे सोपविण्याचा मार्ग मोकळा झाला. अपघातांच्या बातम्यांमुळे भांडवल आणि प्रवासी दोन्ही दुरावतात, हे ओळखून उद्योजकांनीच सरकारी नियंत्रणाची मागणी केली, ही बाब लक्षणीय आहे.

२० मे १९२६ रोजी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी एअर कॉमर्स अ‍ॅक्टवर स्वाक्षरी केली. या कायद्यान्वये वाणिज्य खात्याकडे विमानांची नोंदणी आणि वैमानिकांचे परवाने यांची जबाबदारी आली. ६ एप्रिल १९२७ रोजी पहिला केंद्रीय परवाना या विभागाचे प्रमुख विल्यम मॅक्रॅकन यांना देण्यात आला. तो मान प्रथम ऑर्व्हिल राइट यांना देऊ करण्यात आला होता; मात्र आपण आता विमान चालवीत नाही, असे सांगून त्यांनी तो नाकारला. वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक चाचणी आणि किमान उड्डाणतास हा परवान्याचा जो साचा या काळात तयार झाला, तोच थोड्याफार फरकाने आजही टिकून आहे.

या साच्यातील उणीव लवकरच दिसू लागली. स्वच्छ हवेत शेकडो तास विमान चालविलेला वैमानिक ढगांत शिरताच दिशाभान हरपून बसे. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करून विमान उतरवून दाखविले. त्याच सुमारास एडविन लिंक यांनी आपल्या कुटुंबाच्या ऑर्गन-निर्मितीच्या कारखान्यातील भाते आणि हवेचे पंप वापरून जमिनीवरच उड्डाणाचा सराव देणारे यंत्र तयार केले होते. प्रारंभी या यंत्राकडे करमणुकीचे साधन म्हणूनच पाहिले गेले. १९३४ मध्ये हवाई टपालाचे काम काही काळ लष्कराकडे देण्यात आले. उपकरणांवर उड्डाण करण्याचा पुरेसा सराव नसलेले अनेक लष्करी वैमानिक हिवाळी हवेत मृत्युमुखी पडले. तेव्हा कोठे लष्कराने लिंक यांची सहा यंत्रे खरेदी केली. आजच्या सिम्युलेटरचा हा पूर्वज होय. तासांची संख्या आणि ते तास कोणत्या परिस्थितीत घालविले गेले, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा धडा १९३४ मध्येच मिळाला होता.

२. महाविद्यालये आणि वैमानिक-प्रशिक्षण

वैमानिक-प्रशिक्षणाच्या इतिहासात उच्च शिक्षणसंस्थांनी बजावलेली भूमिका फारशी चर्चिली जात नाही. युरोपात युद्धाचे ढग जमू लागले असताना अमेरिकेने १९३९ मध्ये सिव्हिलियन पायलट ट्रेनिंग प्रोग्रॅम ही योजना हाती घेतली. प्रारंभी १३ महाविद्यालयांत प्रयोग झाला आणि पुढे एक हजाराहून अधिक शिक्षणसंस्था तिच्यात सहभागी झाल्या. जमिनीवरील सैद्धान्तिक अध्यापन महाविद्यालयात होई आणि प्रत्यक्ष उड्डाणाचे धडे जवळच्या विमानतळावरील खासगी प्रशिक्षक देत. १९४४ पर्यंत सुमारे ४ लाख ३५ हजार व्यक्तींना या योजनेखाली प्रशिक्षण मिळाले. अलाबामातील टस्कीगी संस्थेसारख्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थांना, तसेच मर्यादित संख्येने का होईना पण विद्यार्थिनींना या योजनेत प्रवेश मिळाला, हे तिचे सामाजिक महत्त्व.

शास्त्रीय पायाभूत अभ्यास आणि प्रत्यक्ष उड्डाण यांची सांगड घालण्याचा हा पहिला व्यापक प्रयोग होता. युद्ध संपल्यावर मात्र विमानकंपन्यांना लष्करातून बाहेर पडणारे अनुभवी वैमानिक मुबलक मिळू लागले. प्रशिक्षणाचा खर्च सरकारी तिजोरीतून झालेला, शिस्त अंगी बाणलेली आणि लॉगबुकमध्ये हजारो तास जमलेले, असे तयार मनुष्यबळ हाती येत असल्यामुळे कंपन्यांना स्वतः वैमानिक घडविण्याची निकड पुढील अनेक वर्षे भासली नाही.

३. तास असूनही बंद राहिलेली दारे

तासांची मोजपट्टी वस्तुनिष्ठ असते, असा समज आहे. भरतीचा इतिहास या समजाला छेद देतो. १९३४ मध्ये हेलन रिची या सेंट्रल एअरलाइन्स या कंपनीत सहवैमानिक म्हणून रुजू झाल्या. वैमानिकांच्या संघटनेने त्यांना सदस्यत्व नाकारले, वाणिज्य खात्याने त्यांच्या उड्डाणांवर निर्बंध सुचविले आणि पुढल्याच वर्षी त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर जवळजवळ चार दशके अमेरिकेतील नियमित प्रवासी कंपन्यांच्या कॉकपिटमध्ये स्त्री दिसली नाही. १९७३ मध्ये फ्रंटियर एअरलाइन्सने एमिली हॉवेल यांना नेमले, तेव्हा त्यांच्या लॉगबुकात सुमारे ७००० तास होते. डेन्व्हर येथे प्रशिक्षक म्हणून काम करताना त्यांनी शिकविलेले कमी अनुभवाचे पुरुष विद्यार्थी त्यांच्या आधीच विमानकंपन्यांत लागले होते.

मार्लन ग्रीन यांचे प्रकरण न्यायालयात गेले. हवाई दलातील सेवेनंतर त्यांनी १९५७ मध्ये कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सकडे अर्ज केला. त्यांच्यापेक्षा कमी तास असलेले गौरवर्णीय उमेदवार निवडले गेले आणि ग्रीन यांना डावलण्यात आले. २२ एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा भेदभावविरोधी कायदा विमानकंपनीलाही लागू होतो, असा निर्णय दिला आणि १९६५ मध्ये ग्रीन प्रत्यक्ष सेवेत रुजू झाले.

या घटनांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, तासांची अट निवडीसाठी कधीच एकमेव कसोटी नव्हती. तिच्या आड सामाजिक पूर्वग्रह सहज दडत असत. दुसरी, ज्यांच्याजवळ ओळखी वा प्रतिष्ठा नव्हती, त्यांना न्याय मागताना तासांच्या नोंदीचाच आधार मिळाला. आकड्याची मर्यादा सांगताना त्याची ही उपयुक्तता विसरून चालणार नाही.

४. उजव्या आसनावरील उमेदवारी

कॉकपिटमध्ये डावे आसन कॅप्टनचे आणि उजवे सहवैमानिकाचे असते. कंपनीत दाखल झाल्यावर वैमानिकाची खरी घडण या उजव्या आसनावर होते. वादळी ढग किती अंतरावरून टाळावा, इंधनाचा हिशेब कोणत्या क्षणी कठोरपणे करावा, उतरण्याचा प्रयत्न केव्हा सोडून द्यावा, या बाबी पुस्तकात असतातच. परंतु त्या अंगवळणी पडतात त्या शेजारच्या आसनावरील ज्येष्ठाला निर्णय घेताना पाहून. आपल्याकडील गायक वा कारागीर ज्याप्रमाणे गुरूच्या सान्निध्यात तयार होतो, त्याच्याशी ही पद्धत पुष्कळशी मिळतीजुळती आहे.

१९३१ मध्ये स्थापन झालेल्या एअर लाइन पायलट्स असोसिएशन या संघटनेच्या प्रभावाने ज्येष्ठतेची पद्धत दृढ झाली. रुजू होण्याच्या तारखेनुसार क्रम ठरे आणि त्या क्रमाने बढती मिळे. मोठ्या विमानांत फ्लाइट इंजिनिअरचे तिसरे आसनही असे. अनेक कंपन्यांमध्ये नवागत वैमानिक प्रथम या तिसऱ्या आसनावर काही वर्षे काढी, नंतर सहवैमानिक होई आणि त्यानंतर कॅप्टन. विमान न चालविता दोघांचे काम न्याहाळण्याची ही संधी म्हणजे एक अघोषित प्रशिक्षणवर्ग होता.

१९८१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या कार्यगटाने नव्या पिढीच्या विमानांसाठी दोन वैमानिक पुरेसे असल्याचा निर्वाळा दिला. संगणकीकरणामुळे इंजिनिअरचे काम यंत्राकडे गेले, हा निर्णय तांत्रिकदृष्ट्या योग्यच होता. मात्र तिसऱ्या आसनाबरोबर उमेदवारीची एक पायरीही हळूहळू नाहीशी झाली. कोणत्याही नियमात या पायरीचा प्रशिक्षण म्हणून उल्लेख नव्हता. त्यामुळे तिची जागा भरून काढण्याचा विचारही झाला नाही.

५. अनुभवाची मर्यादा

१९७० च्या दशकातील दोन अपघातांनी प्रदीर्घ अनुभवावरील विश्वासालाच धक्का दिला. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ येथे धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ विमानांची टक्कर होऊन ५८३ जणांचा मृत्यू झाला. परवानगी नसताना उड्डाण सुरू करणारा केएलएम या डच कंपनीचा कॅप्टन हा कंपनीचा ज्येष्ठ प्रशिक्षक होता आणि शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची या विमानासाठीची चाचणी त्यानेच घेतली होती. समोरचे विमान धावपट्टीवरून बाहेर गेले आहे ना, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने व्यक्त केली होती. परंतु कॅप्टनच्या ठाम उत्तरापुढे ती विरून गेली.

दुसरा अपघात २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड शहराजवळ झाला. युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाच्या चाकांतील बिघाडाकडे लक्ष केंद्रित करीत कॅप्टन आकाशात घिरट्या घालीत राहिला. इंधन संपत आल्याची जाणीव सहकाऱ्यांना झाली होती. त्यांनी ती पुरेशा स्पष्टपणे मांडली नाही आणि कॅप्टननेही तिची दखल घेतली नाही. इंधन संपून विमान कोसळले आणि १० जण दगावले. या कॅप्टनच्या नावावर २७,००० हून अधिक तास होते.

या अपघातांच्या पार्श्वभूमीवर १९७९ मध्ये नासा या संस्थेने एक कार्यशाळा भरविली आणि तिच्यातून क्रू रिसोर्स मॅनेजमेंट ही संकल्पना पुढे आली. कनिष्ठाने शंका ठामपणे मांडावी आणि ज्येष्ठाने ती ऐकून घ्यावी, हे कौशल्यही शिकविता येते, असे तिचे गृहीतक आहे. युनायटेड एअरलाइन्सने १९८१ मध्ये असे प्रशिक्षण सुरू केले. १९ जुलै १९८९ रोजी त्याच कंपनीच्या विमानाची सर्व हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली. कॅप्टन अल हेन्स यांनी सहकारी आणि प्रवासी म्हणून विमानात असलेला एक प्रशिक्षक-वैमानिक यांच्या साहाय्याने ते सू सिटी येथे कसेबसे उतरविले. २९६ पैकी ११२ जणांचा मृत्यू झाला. तरीही १८४ जण वाचले. याचे श्रेय हेन्स यांनी पुढे या प्रशिक्षणाला दिले.

६. बफेलोची दुर्घटना

१९७८ च्या अनियंत्रणाच्या कायद्यानंतर अमेरिकेत लहान शहरांची वाहतूक हळूहळू प्रादेशिक कंपन्यांकडे गेली. तिकिटावर आणि विमानावर मोठ्या कंपनीचे नाव असे; विमान चालविणारी कंपनी मात्र वेगळी असे. नवोदित वैमानिक कमी पगारावर येथे काम करून तास जमवीत आणि मोठ्या कंपनीकडे निघून जात. परिणामी ज्येष्ठांचा सहवास जेथे सर्वाधिक आवश्यक, तेथेच ज्येष्ठ टिकत नसत. नियमानुसार कॅप्टनजवळ एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट हा सर्वोच्च परवाना, म्हणजे किमान १५०० तास, असणे बंधनकारक होते. सहवैमानिकाला मात्र सुमारे २५० तासांत मिळणारा व्यावसायिक परवाना पुरेसा होता.

१२ फेब्रुवारी २००९ रोजी नेवार्कहून बफेलोकडे जाणारे कोल्गन एअर या कंपनीचे ३४०७ क्रमांकाचे उड्डाण रात्रीच्या वेळी क्लॅरेन्स सेंटर येथील एका घरावर कोसळले. विमानातील सर्व ४९ आणि घरातील एक अशा ५० जणांचा मृत्यू झाला. राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाच्या २०१० मधील अहवालानुसार विमानाचा वेग घटत गेल्याचे दोघांच्याही लक्षात आले नाही. पंखांचा हवेवरील आधार सुटण्याच्या, म्हणजे स्टॉलच्या, धोक्याची सूचना म्हणून नियंत्रणदांडा थरथरू लागला, तेव्हा कॅप्टनने नाक खाली करण्याऐवजी दांडा मागे ओढला आणि विमान स्टॉलमध्ये गेले.

चौकशीत बाहेर आलेली माहिती बोलकी होती. कॅप्टन पूर्वी काही प्रात्यक्षिक चाचण्यांत अनुत्तीर्ण झाला होता आणि त्या सर्वांची नोंद त्याने नोकरीच्या अर्जात केली नव्हती. सहवैमानिक तरुणी आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून मालवाहू विमानांतून प्रवास करून कामावर आली होती. पूर्ण स्टॉलमधून बाहेर पडण्याचा सराव तत्कालीन प्रशिक्षणात अंतर्भूत नव्हता.

तासांच्या संदर्भात दोन नोंदी विशेष महत्त्वाच्या ठरतात. कॅप्टनचे एकूण तास ३३७९, तर सहवैमानिकेचे २२४४ होते. पुढे कायद्याने घातलेली १५०० तासांची अट दोघेही सहज पूर्ण करीत होते. दुसरी नोंद कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणातील आहे. अपघाताच्या काही मिनिटे आधी सहवैमानिका कॅप्टनला सांगत होती की, कंपनीत येताना तिच्याजवळ १६०० तास होते. परंतु ते सारे फिनिक्सच्या आकाशातले होते. ढगांतील प्रत्यक्ष उड्डाणाचा जेवढा अनुभव तिला कंपनीतील प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी मिळाला, तेवढा त्या १६०० तासांतही मिळाला नव्हता. फिनिक्स हे वाळवंटी प्रदेशातील शहर आहे. तेथील कोरड्या, निरभ्र हवेत जमविलेल्या तासांनी तिला परवाना आणि नोकरी दिली, बर्फाळ ढगांचा परिचय मात्र दिला नाही.

७. २०१० चा कायदा आणि त्याची अंमलबजावणी

अपघातातील मृतांच्या कुटुंबीयांनी वॉशिंग्टनमध्ये अथक पाठपुरावा केला. १ ऑगस्ट २०१० रोजी अमेरिकी संसदेने संमत केलेला कायदा अमलात आला. त्याची व्याप्ती मोठी होती. विमानकंपनीतील प्रत्येक वैमानिकाजवळ सर्वोच्च परवाना असणे, थकव्यासंबंधीचे नवे नियम, स्टॉलमधून बाहेर पडण्याचे प्रशिक्षण, वैमानिकांच्या पूर्वेतिहासाची मध्यवर्ती नोंद आणि नवागतांना ज्येष्ठांचे मार्गदर्शन मिळण्याची व्यवस्था, अशा अनेक बाबींचे नियम तयार करण्याची जबाबदारी फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (एफएए) या नियामक संस्थेवर टाकण्यात आली.

या तरतुदी कोणत्या क्रमाने प्रत्यक्षात आल्या, हे पाहणे उद्बोधक आहे. तासांचा नियम जुलै २०१३ मध्ये लागू झाला. कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांचे नवे नियम जानेवारी २०१४ पासून अमलात आले. स्टॉलच्या प्रशिक्षणाचा नियम २०१३ मध्ये जाहीर झाला. पण त्याच्या पूर्ततेसाठी २०१९ पर्यंत मुदत दिली गेली. कॅप्टनांना नेतृत्वाचे व मार्गदर्शनाचे प्रशिक्षण देण्याचा आणि नवागताने काम सुरू करण्यापूर्वी कॉकपिटमध्ये बसून उड्डाणांचे निरीक्षण करण्याचा नियम फेब्रुवारी २०२० मध्ये अंतिम झाला. पूर्वेतिहासाच्या नोंदीचा अंतिम नियम २०२१ मध्ये आला. ज्या दोन उणिवा या अपघातात उघड झाल्या होत्या, त्यांवरील उपाय, म्हणजे मार्गदर्शन आणि पूर्वेतिहासाची पारदर्शकता, सर्वांत शेवटी आले. किमान तासांची अट नियमात लिहिणे तुलनेने सोपे होते. चांगला मार्गदर्शक कोणास म्हणावे आणि त्याची पडताळणी कशी करावी, हे नियमाच्या भाषेत बसविणे कठीण होते.

तासांच्या नियमातही एफएएने काही लवचीकता ठेवली. लष्करी वैमानिकाला ७५० तासांत, विमानचालनविषयक पदवी घेतलेल्याला १००० तासांत आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्याला १२५० तासांत मर्यादित स्वरूपाचा परवाना मिळू शकतो. याशिवाय परीक्षेपूर्वी ३० तासांचे वर्गातील अध्यापन आणि १० तासांचा सिम्युलेटरवरील सराव सक्तीचा करण्यात आला. सर्व तास सारखे नसतात आणि सुसंघटित शिक्षणाला तासांइतकेच मोल आहे, याची ही नियमांतर्गत कबुलीच म्हणावी लागेल.

८. नियमाचे परिणाम आणि वाद

नव्या नियमामुळे व्यावसायिक परवाना मिळाल्यानंतर उरलेले तास कसे जमवायचे, हा प्रश्न तरुणांपुढे उभा राहिला. बहुतेक जण लहान विमानांवर प्रशिक्षक म्हणून काम करू लागले. काही जण जाहिरातीचे फलक ओढणारी वा सर्वेक्षणाची विमाने चालवू लागले. या कामातून निर्णयक्षमता वाढते, असे नियमाचे समर्थक म्हणतात. त्याच त्या विमानतळाभोवती घातलेल्या फेऱ्यांनी आधुनिक जेट विमानाचे ज्ञान वाढत नाही आणि सवयी मात्र पक्क्या होतात, असा विरोधकांचा आक्षेप आहे. प्रशिक्षणाचा खर्च स्वतः उचलावा लागत असल्याने सामान्य आर्थिक स्थितीतील तरुणांना हा मार्ग अधिक दुष्कर झाला, हीही वस्तुस्थिती आहे. दुसरीकडे पात्र उमेदवार दुर्मीळ झाल्यामुळे प्रादेशिक कंपन्यांना, विशेषतः २०२२ नंतर, वेतन लक्षणीयरीत्या वाढवावे लागले. तुटपुंज्या वेतनाचा प्रश्न अशा प्रकारे आडवाटेने का होईना, काही अंशी सुटला.

युरोपने भिन्न मार्ग धरला. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने २००६ मध्ये मल्टी-क्रू पायलट लायसन्स या परवान्यास मान्यता दिली. त्यात उमेदवाराची निवड प्रारंभीच काटेकोरपणे करून त्याला सिम्युलेटरवर पहिल्यापासून दोघांच्या पथकात काम करण्याचे शिक्षण दिले जाते. किमान तास २४० असून त्यांत सिम्युलेटरचाही वाटा असतो. अनुभव कमी, पण शिक्षण नेमके, असे या पद्धतीचे स्वरूप आहे.

२०२२ मध्ये एका प्रादेशिक कंपनीने आपल्या प्रशिक्षणसंस्थेतील विद्यार्थ्यांसाठी ७५० तासांची सवलत मागितली. एफएएने ती नाकारली. सिम्युलेटरचे अधिक तास ग्राह्य धरण्याचा प्रस्तावही संसदेत चर्चिला गेला. तथापि मे २०२४ मध्ये संमत झालेल्या कायद्यात १५०० तासांची अट कायम राहिली. फेब्रुवारी २००९ पासून जानेवारी २०२५ मधील वॉशिंग्टनजवळच्या टकरीपर्यंत अमेरिकी प्रवासी कंपन्यांच्या विमानांना मोठी प्राणहानी झालेला अपघात झाला नाही, ही गोष्ट समर्थक पुढे करतात. परंतु याच काळात थकव्याचे नियम, स्टॉलचे प्रशिक्षण, उड्डाणांच्या माहितीचे विश्लेषण असे अनेक बदल एकत्र झाले असल्याने यशाचे श्रेय एकट्या तासांच्या अटीला देणे इतिहासाच्या दृष्टीने सदोष ठरेल.

९. भारतीय संदर्भ

भारतात १९२८ मध्ये मुंबई फ्लाइंग क्लबसारख्या संस्थांतून वैमानिक-प्रशिक्षणाचा आरंभ झाला. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळालेला परवाना याच परंपरेतला. भारतीय नियमांनुसार व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास आणि कॅप्टनसाठी आवश्यक असलेल्या सर्वोच्च परवान्यासाठी १५०० तास लागतात. म्हणजेच २०० तासांचा तरुण संबंधित विमानाचे विशेष प्रशिक्षण घेऊन थेट जेट विमानाच्या उजव्या आसनावर बसू शकतो. अशा व्यवस्थेत शेजारच्या कॅप्टनची मार्गदर्शक म्हणून जबाबदारी अमेरिकेपेक्षाही मोठी ठरते.

अमेरिकी कायदा संमत होण्याच्या काही आठवडे आधी, २२ मे २०१० रोजी, दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूर येथे धावपट्टीपलीकडच्या दरीत कोसळून १५८ जणांचा मृत्यू झाला. हवाई दलाचे निवृत्त उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने नोंदविले की, विमान चुकीच्या उंचीवरून उतरत असताना सहवैमानिकाने तीन वेळा उतरणे सोडून देण्यास सांगूनही कॅप्टनने ते चालूच ठेवले. कॅप्टनच्या नावावर १०,००० हून अधिक तास होते आणि उड्डाणातील बराच काळ तो झोपलेला होता. सहवैमानिकाने स्वतः नियंत्रण हाती घेण्याबाबत सूचनांमध्ये संदिग्धता होती, याकडेही अहवालाने लक्ष वेधले. येथे उजव्या आसनावरील व्यक्तीला धोका दिसला होता आणि तिने तो बोलूनही दाखविला होता. उणीव होती ती तिच्या शब्दाला मान देणाऱ्या वातावरणाची.

समारोप

१९२६ ते २०२४ या सुमारे शंभर वर्षांच्या वाटचालीवरून पुढील निष्कर्ष काढता येतात. उड्डाणतासांची अट ही निरुपयोगी नाही. ती अननुभवी व्यक्तीला रोखते, मनमानीला आळा घालते आणि डावलल्या गेलेल्यांच्या हाती पुरावा देते. मात्र ती किमान मर्यादा आहे. तिच्यावरून गुणवत्तेचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे. फिनिक्सच्या स्वच्छ आकाशातील १६०० तास आणि पोर्टलंडच्या कॅप्टनचे २७,००० तास ही याची दोन टोके होत. एकीकडे तासांत विविधता नव्हती, दुसरीकडे इतक्या तासांनंतरही सहकाऱ्याचे ऐकण्याची सवय जडलेली नव्हती.

दुसरा निष्कर्ष असा की, मार्गदर्शनाची व्यवस्था आपोआप टिकत नाही. तिसऱ्या आसनाबरोबर ती विरळ झाली, प्रादेशिक कंपन्यांत ज्येष्ठ न टिकल्यामुळे ती क्षीण झाली आणि नियमात येण्यास तिला कायद्यानंतर जवळजवळ दहा वर्षे लागली. जी गोष्ट कोष्टकात भरता येत नाही, ती व्यवस्थेच्या नजरेआड होण्याची शक्यता अधिक असते. नियुक्ती व बढतीसाठी आकड्यांवर विसंबणाऱ्या इतर व्यवसायांनाही, अध्यापनाच्या व्यवसायासह, हा इतिहास विचारप्रवृत्त करणारा आहे. आकड्याची अट पूर्ण करून आलेल्या नवागताच्या शेजारी कोण बसणार आहे आणि त्याने शंका काढली तर ती ऐकली जाणार आहे की नाही, याची तरतूद भरतीच्या नियमांइतक्याच काळजीने व्हावयास हवी.